सोमवारी पांढरं, मंगळवारी लाल

"बारमाही फुलं म्हणाला होतात तुम्ही," बिराजदार साहेब म्हणाले. "बारा महिन्यांतला हा कुठला महिना?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. हॉस्पिटलच्या मेन गेटपासून ओपीडीपर्यंत जो रस्ता जातो, त्याच्या कडेला आम्ही दोघं उभे होतो. समोर मी लावलेली बॉर्डर होती. झाडं हिरवीगार, पुढं बुटकी, मागं उंच, पानावर एक डाग नाही. आणि साठ फुटांच्या त्या पट्ट्यात फूल मात्र एकही नाही. महिना श्रावण होता, म्हणजे फुलांचाच.

मी गार्डन कन्सल्टंट आहे. सोलापुरात पंचवीस-सव्वीस वर्षं हेच काम करते. लोकांना वाटतं, माझं काम सुंदर फुलं निवडायचं. पुण्याकडे असेल तसं. सोलापुरात माझं काम मरणार नाहीत अशी फुलं निवडायचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसला टेकतो. बोअरचं पाणी एवढं खारट की कुंडीच्या कडेला पांढरी साय धरते. आणि माती खणली की हातभर खाली चुनखडी. चुनखडीत झाडाला लोह मिळत नाही. मग पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळी म्हणतो पाणी कमी पडलं, मालक म्हणतो माळी कमी पडला.

फुलझाडं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक हंगामी, म्हणजे चार महिने डोळे दिपवून मरणारी. पिटुनिया, डायांथस ही त्यातली. दुसरी बहुवर्षायू, धंद्यात आम्ही पेरेनियल म्हणतो. एकदा लावली की छाटा, खत घाला, वर्षानुवर्षं फुलत राहतात. हॉस्पिटलवाले दर वर्षी हंगामी लावायचे आणि मार्चमध्ये वाळकी काड्या उपटायचे. म्हणून मागच्या पावसाळ्यात मला बोलावलं. मी माती तपासली, पाण्याचा रिपोर्ट पाहिला आणि चिवटातली चिवट झाडं काढली. मागं पिवळ्या घंटेसारख्या फुलांचा टेकोमा. मध्ये लाल जास्वंद आणि तगर. पुढं सदाफुली. कण्हेर यापेक्षा चिवट, पण तिचा चीक विषारी. जिथं आजारी माणसं आणि लहान मुलं येतात तिथं मी कण्हेर लावत नाही. अख्खा उन्हाळा गेला, एक झाड मेलं नाही. मी तर आतल्या आत खूश होते.

"सहा आठवड्यांनी इन्स्पेक्शन आहे," साहेब सांगत होते. "कमिटी गेटपासून बघत येणार. चेअरमन साहेबांनी मला दोनदा विचारलं, फुलं कुठायत म्हणून. मी आता पुण्याची एजन्सी बघितलीय. त्यांची माणसं, त्यांची झाडं. पत्र टाइप करून ठेवलंय. माळ्याला एक तारखेपासून सुट्टी."

बिराजदार साहेब बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले आणि या ट्रस्टच्या हॉस्पिटलचे ॲडमिनिस्ट्रेटर झाले. कपाळावर विभूती, खिशात दोन पेनं. माणूस वाईट नाही, पण कागद दिसला की त्यांना बरं वाटतं. आणि माळी म्हणजे दस्तगीरभाई. वय साठीच्या अलीकडे, कॉन्ट्रॅक्टवर, पण हॉस्पिटलात एकोणीस वर्षं. सकाळी सहाला सायकलवरून हजर. माझी झाडं जगली ती माझ्या यादीमुळे अर्धी आणि दस्तगीरभाईंमुळे अर्धी, हे मला पुरतं ठाऊक होतं.

मी साहेबांकडून तासभर मागून घेतला आणि कामाला लागले. हिरवं झाड फुलत नाही, त्याची नेहमीची कारणं तीन. युरिया जास्त झाला की झाड नुसती पानं काढतं. सावली पडली की फूल कमी होतं. आणि चुकीच्या वेळी छाटणी केली की कळ्याच कापल्या जातात. युरियाची गोणी स्टोअरमध्ये बंद होती. ऊन दिवसभर होतं. छाटणी दस्तगीरभाईंनी मी सांगितली तेव्हाच केली होती. ते कात्री हातात धरून माझ्या मागं मागं येत होते.

मग मी चष्मा लावून खाली वाकले आणि फांदीचं टोक पाहिलं. तगरीच्या देठावर चिकाचा थेंब वाळलेला होता. जास्वंदीचा देठ मध्येच तुटलेला, तुटलेली जागा ओली. पुढचं झाड पाहिलं, तिथंही तेच. कळ्या भरपूर होत्या, उद्याच्या, परवाच्या. आजच्या नव्हत्या. झाडं अगदी व्यवस्थित फुलत होती. कुणीतरी फुलं तोडून नेत होतं.

मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. तशीच ऑफिसात गेले आणि साहेबांना सांगून टाकलं. फुलं रोज येतात, सकाळी तोडली जातात, माळ्याचा यात काही दोष नाही.

स्टोअरकीपर तिथं सही घ्यायला उभा होता. तो फाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "त्याच्या मेव्हण्याचं हाराचं दुकान हाय की मधल्या मारुतीपाशी."

साहेबांनी टाइप केलेलं पत्र ड्रॉवरमधून काढलं, वाचलं आणि पेनाने समासात काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं. 'संस्थेच्या मालाची चोरी.'

मी आले होते माणसाला आळशीपणाच्या आरोपातून सोडवायला आणि त्याला चोर करून बसले. हे लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मलाही ते पटलं. सहाला येणारा माणूस. मेव्हण्याचं दुकान. ते एक मिनिट मी अजून विसरले नाही.

माळ्याची नोकरी गेली तर दुसरी मिळते. सोलापुरात चांगल्या माळ्याला बंगलेवाले शोधत येतात. पण माळ्याला आवारात घेतात ते विश्वासावर. तो मागच्या दाराने येतो-जातो, घरात कुणी नसताना पाणी घालतो. 'फुलं विकायचा' एवढं एक वाक्य मागं लागलं की साठीच्या माणसाला कुणी फाटकाच्या आत घेत नाही. मी साहेबांना म्हटलं, हे पत्र आठ दिवस थांबवा, मी खात्री करते. त्यांनी घड्याळात तारीख पाहिली आणि म्हणाले, "आठच."

कॅमेरा बघा असं तुम्ही म्हणाल. कॅमेरा होता, पण तो गाड्यांचे नंबर टिपायला लावलेला. बॉर्डर बरोबर त्याच्या पोटाखाली.

मधला रविवार सोडून पहाटे साडेपाचला मी गाडी पार्किंगमध्ये लावून आत बसले. वार सोमवार होता. उजाडायला लागलं तशी कॅन्टीनच्या मागच्या शेडमधून माणसं येऊ लागली. ही नातेवाइकांची शेड. ज्यांचं माणूस ॲडमिट आहे आणि ज्यांना लॉज परवडत नाही, ती माणसं तिथं सतरंजी टाकून राहतात. अक्कलकोटकडची, बार्शीची, पार नातेपुत्याची. एक बाई आली, नळावर तोंड धुतलं आणि बॉर्डरपाशी जाऊन दोन तगरी तोडल्या. मग एक म्हातारे गृहस्थ. मग दोघी बहिणी असाव्यात तशा. कुणाच्या हातात पिशवी नव्हती. दोन फुलं, तीन फुलं, ओंजळीत धरून ती माणसं आवारातल्या छोट्या महादेवाच्या देवळाकडे जायची आणि तिथून आयसीयूच्या दारापाशी.

बरोबर सहाला दस्तगीरभाई आले. सायकल लावली, पाइप जोडला. तेवढ्यात एक ठेंगणी बाई टाचा उंचावून तगरीच्या वरच्या फांदीकडे हात नेत होती. खालची फुलं संपली होती. दस्तगीरभाईंनी पाइप खाली ठेवला, फांदी वाकवली आणि तिचं तोडून होईपर्यंत धरून ठेवली.

मी गाडीतून उतरले. मला पाहून ते दचकले, पण फांदी सोडली नाही.

ती बाई वळसंगची निघाली. मी विचारलं तशी म्हणाली, "आमचं मालक आत हायती, तीन दिस झालं. डोळं उघडंना झाल्यात." एवढं बोलून ती देवळाकडे गेली. फुलं तोडली म्हणून कुणी रागवेल असं तिच्या मनातही नव्हतं.

मी दस्तगीरभाईंना विचारलं, हे रोजचं आहे का. ते म्हणाले, रोजचं. साहेबांना का सांगितलं नाही?

"सांगितलं तर तितं वॉचमन बसवतील, म्याडम. त्यो काठी घिऊन बसंल. ज्याचं मानूस आत हाय, त्याला दोन फुलासाटी कोन वरडनार? मला तर जमायचं न्हाई."

"तुमच्यावर चोरीचा आळ आलाय," मी म्हटलं. "पत्र टाइप झालंय."

त्यांनी खाली ठेवलेला पाइप उचलला. मग म्हणाले, "मेव्हन्याचं दुकान म्हनूनच ना? त्यो हितली फुलं घिऊन काय करंल? हाराला गुलछडी लागती, झेंडू लागतो. सदाफुलीचा हार कुनी बगितलाय का?" आवाज चढला नव्हता. पण हातातली पाइपची तोटी ते उगाच उघडझाप करत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

आता माझी पंचाईत बघा. खरं सांगावं तर शेडमधल्या लोकांमागं काठी लागणार, आणि ते दस्तगीरभाईंना नको. न सांगावं तर त्यांच्या नावावर चोरी लागणार, आणि ती माझ्यामुळे. मी त्यांना म्हटलं, माझं डोकं चालत नाही, तुम्हीच काहीतरी सांगा.

"म्याडम, आज तगर गेली ना?" ते म्हणाले. "जास्वंदीला हात लागला न्हाई बगा. आज सोमवार. उद्या या. उद्या लाल जाईल, पांढरं ऱ्हाईल. गुरवारी पिवळं. शुक्रवारी परत पांढरं, वासाचं आसंल तर. शनवारी समदे त्या नाल्याकडच्या रुईकडं पळत्यात. धा वाजंपतूर उरलंसुरलं ओपीडीवाले नेत्यात. पर पयला मान वाराचा."

मी वळून पाहिलं. खरंच, तगर ओरबाडलेली होती आणि जास्वंद साडेसहाच्या उन्हात पूर्ण उमललेली. साडेदहाला येऊन तपासणाऱ्या मला हे दिसणार कसं? नमाजी माणूस, पण कुठल्या देवाला कुठल्या वारी काय लागतं ते त्यांना आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा नीट ठाऊक होतं. एकोणीस वर्षं रोज सकाळी बघत होते ते.

आमच्या घरातलं म्हणाल तर तीही गोष्ट कबूल करून टाकते. माझे यजमान रोज सकाळी फिरायला जातात ते हातात पिशवी आणि आकडी घेऊन. आकडी म्हणजे टोकाला तार वाकवून लावलेली काठी, दुसऱ्याच्या कंपाउंडमधली फांदी ओढायला. सोलापुरात निम्मी फिरणारी मंडळी अशीच फिरतात. विचारलं तर म्हणतात, देवाच्या फुलाला चोरी नसते. मी वीस-बावीस वर्षं ती आकडी दाराआड बघते आहे. आणि आवारात देऊळ असलेल्या हॉस्पिटलला झाडांची यादी करताना मला एकदाही ती आठवली नाही. यादीत काय लिहिलं होतं? टेकोमा, जास्वंद, तगर, सदाफुली. एकूण एक फूल देवाला चालणारं.

तो सोमवार धरून सहा दिवस मी रोज पहाटे गेले. साहेबांना कागद आवडतो, तर कागदच करायचा ठरवलं. कुठल्या झाडावर पहाटे किती फुलं, सात वाजता किती, दहा वाजता किती. वारानुसार तक्ता. दस्तगीरभाई म्हणाले होते ते एका दिवसानेही चुकलं नाही.

शनिवारी दुपारी तो तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, विकणारा माणूस वार बघत नाही. तो रोज सगळं खुडून नेईल. इथं सोमवारी सात वाजले तरी लाल फूल झाडावर राहतं, मंगळवारी पांढरं राहतं. हे हाराच्या दुकानाचं काम नाही.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. बेरजा तपासल्या, हेही मी पाहिलं. मग त्यांचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"मी रोज पूजेला बसतो तेव्हा फुलं ताटात असतात," ते म्हणाले. "कुठून येतात, मी घरी कधी विचारलं नाही."

त्यांनी पत्र काढलं, समासातली ओळ खोडली. पण पुढं ज्याची मला भीती होती तेच झालं. म्हणाले, ठीक आहे, माळी सुटला. आता सकाळी गार्ड लावू आणि बोर्ड लावू, फुलं तोडणाऱ्यास दंड. इन्स्पेक्शनला फुलं तर दिसली पाहिजेत.

तिथं मी आवाज थोडा चढवला. वय झालं की एवढं करता येतं. म्हटलं, साहेब, चूक तोडणाऱ्यांची नाही, माळ्याची नाही, माझी आहे. मी ऊन बघितलं, पाणी बघितलं, माती बघितली. इथं येणारी माणसं बघितली नाहीत. मला ही बॉर्डर बदलू द्या. गार्ड नको.

"निवड चुकली असं तुम्ही लेखी द्याल?"

या ट्रस्टची आणखी दोन आवारं माझ्याकडे यायची होती. लेखी दिलं की तो कागद चेअरमनपर्यंत जाणार, हे मला कळत होतं. पण आळशी ठरवलेला, चोर ठरवलेला माणूस बाहेर पाइप धरून उभा होता, आणि त्याच्या पत्रावर अजून सही व्हायची बाकी होती. मी तिथंच बसून लिहून दिलं. 'झाडांची निवड स्थळाच्या वापरास अनुरूप नव्हती. देखभालीत कोणतीही त्रुटी आढळली नाही.' साहेबांनी ते पंच करून फाइलला लावलं, आणि माळ्याचं पत्र फाडून टोपलीत टाकलं.

नवी यादी मी एकटीने केली नाही. दस्तगीरभाईंना बरोबर घेऊन नर्सरीत गेले. मी झाड दाखवायचं आणि विचारायचं, हे ऊन सोसेल, पाणी सोसेल, पण माणसं? ते बघायचे आणि निकाल द्यायचे. लाल गुच्छांचा इक्झोरा दाखवला. "ह्यो न्हाई टिकायचा, गनपतीला जाईल." गोकर्ण दाखवली. "ही तर सोमवारीच जाती." जांभळी लोळणारी घाणेरी दाखवली तेव्हा ते हसले. "हिला कोन बी हात लावत न्हाई. वास येतो की." मग रुएलिया. जांभळी नाजूक फुलं, पण झाड लोखंडासारखं, आणि फूल तोडलं की हातातच मान टाकतं, देवळापर्यंत पोचत नाही. मागच्या रांगेला बोगनवेल, कागदासारखी फुलं, देव घेत नाही. तिच्या पुढं चित्रकाच्या जातीतला फिकट निळा प्लंबॅगो, त्याचं फूल बोटांना चिकटतं. सोलापुरी उन्हात या चौघांना काही होत नाही. अशी बॉर्डर मी आयुष्यात पहिल्यांदा केली, जी माणसाच्या भक्तीलाही पुरून उरेल.

आणि जुनी झाडं? ती टाकली नाहीत. पाऊस चालू होता, झाडं वर्षाचीच होती. मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फुटू देता, गोणपाटात बांधून, जास्वंद आणि तगर आम्ही हलवली ती शेड आणि देवळाच्या मधल्या वाटेवर. टेकोमा आणि सदाफुलीही तिथंच. दस्तगीरभाईंनी एक सूचना केली. उंच झाडं कंबरेएवढी छाटून ठेवू, म्हणजे कुणाला टाचा उंचावायला नकोत. साहेबांनी विचारलं, तिथं काही बोर्ड लावायचा का? मी म्हटलं, नको. बोर्ड लावला की दुसऱ्या दिवशी पिशव्या येतील.

त्या दिवसांत एकदा पाणी पीत बसलो असताना मी दस्तगीरभाईंना सांगितलं, की स्टोअरकीपर बोलला तेव्हा एक मिनिट मलाही खरं वाटलं होतं. सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"म्हाईत हाय, म्याडम," ते म्हणाले. "तुमी त्या दिवशी ऑफिसातनं भाईर आला तवा माज्याकडं बगितलंच न्हाई की." आणि पहार घेऊन खड्ड्याकडे गेले. मीही उठले.

इन्स्पेक्शनची कमिटी सकाळी अकराला आली. गेटपासून ओपीडीपर्यंत जांभळं, गुलाबी, निळं सगळं जागेवर होतं. कमिटीतल्या एका बाईंनी झाडांची नावं विचारली. बिराजदार साहेबांनी दस्तगीरभाईंना पुढं बोलावलं आणि नावं त्यांना सांगायला लावली. त्यांनी चारही बरोबर सांगितली, फक्त प्लंबॅगोला 'पळंबागू' म्हणाले, आणि त्या बाईंनी तसंच लिहून घेतलं.

मग सगळे कॅन्टीनच्या बाजूला वळले. तिथली रांग हिरवीगार आणि पूर्ण बोडकी होती. एक सदस्य थांबले. इथं एकही फूल कसं नाही, झाडांना काही रोग आहे का, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब बोलले.

"रोग नाही. ती रांग पेशंटच्या नातेवाइकांसाठी आहे. रोज सकाळी सातच्या आत पूर्ण वापरली जाते."

त्यांनी ते कॅन्टीनच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलावं तितक्या सरळ सांगितलं. सदस्यांनी मान हलवली आणि कमिटी पुढं गेली. दस्तगीरभाई अजून तिथंच कामाला आहेत. ट्रस्टची ती दोन आवारं मात्र मला मिळाली नाहीत, चेअरमन साहेबांनी फाइल वाचली असावी.

नवीन क्लायंटकडे गेले की मी एक फॉर्म भरून घेते. त्यात ऊन, पाणी, माती असे तीन रकाने पहिल्यापासून होते. आता त्याखाली चौथा आहे. 'सकाळी सहा वाजता इथे कोण असतं?' क्लायंट तो वाचून हसतात आणि म्हणतात, मॅडम, कुणी नसतं हो. मग मी त्यांच्या माळ्याला विचारते.